अमेरिकेचा फुटबॉल क्लब युरोपात टिकला असता का? वही-पेनाने अंदाज बांधण्याची रीत

एप्रिल ते ऑक्टोबर या काळात रविवारी पहाटे पाच वाजता आमच्या गावची पोरे पोलीस भरतीच्या तयारीसाठी शाळेमागच्या मैदानावर धावायला जमतात. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारच्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि तिथल्या मेजर लीग सॉकरचे सामने सुरू होतात. सोळाशे मीटर धावून झाल्यावर दम खाता खाता कुणाच्या तरी मोबाइलमध्ये मेस्सी दिसतो आणि ठरलेला वाद पेटतो : मेस्सीची हीच इंटर मायामी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळली असती, तर कितवी आली असती? एक जण पहिल्या पाचात म्हणतो, दुसरा शेवटची म्हणतो, आणि सूर्य वर येईपर्यंत दोघांचेही आवाज चढलेले असतात. वर्धा जिल्ह्यातल्या या खेड्यातील वाचनालयाच्या चाव्या माझ्याकडे असल्यामुळे हा वाद शेवटी माझ्या टेबलापर्यंत येतो. तो पुराव्याने कसा चालवावा, याची आम्ही बसवलेली रीत पुढे देत आहे. तिला एक दोनशे पानी वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि पावसाळ्यातील दोन रिकाम्या दुपारी एवढे भांडवल पुरते.

प्रश्न आधी नीट बांधावा

कोणता क्लब, कोणती लीग, कोणता हंगाम आणि कोणते नियम, या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण निम्मे वाद इथेच मिटतात. ‘अमेरिकेचा क्लब’ म्हणजे मेजर लीग सॉकरमधील क्लब असे आम्ही धरतो. २०२५ मध्ये त्यांची संख्या ३० होती, आणि त्यांपैकी टोरँटो, माँट्रियल व व्हँकुव्हर हे तीन कॅनडातले आहेत. आर्सेनल किंवा लिव्हरपूल यांचे मालक अमेरिकी असले तरी त्यामुळे ते क्लब अमेरिकेचे होत नाहीत. ही फोड आमच्याकडे दोनदा करावी लागली. ‘युरोपातील वरची लीग’ या शब्दांतही पाच वेगवेगळी मैदाने दडलेली आहेत. इंग्लंड, स्पेन व इटली यांच्या लीगमध्ये २० संघ असतात, जर्मनी व फ्रान्स येथे १८ असतात, आणि या पाचांच्या तळाच्या संघांची ताकद सारखी नाही. म्हणून एका वेळी एकच लीग घ्यावी.

नियमांचा मुद्दा मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे. क्लब आज आहे तसा, त्याच खेळाडूंसह उचलून तिकडे ठेवायचा, की त्याला युरोपच्या नियमांनी खेळाडू विकत घेण्याची मोकळीक देऊन चार-पाच वर्षे थांबायचे? हे दोन प्रश्न पूर्णपणे वेगळे असून त्यांची उत्तरेही वेगळी येतात. भांडणारे दोघे बहुधा यांतला एकेक प्रश्न धरून बसलेले असतात.

पगाराचा तक्ता आणि दुसरा बैल

दुसरे काम पगाराचे. अमेरिकेतील खेळाडूंची संघटना प्रत्येक खेळाडूचा पगार नावानिशी जाहीर करते; इतकी उघड माहिती युरोपातील मोठ्या लीगमध्ये मिळत नाही, म्हणून तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. या लीगमध्ये क्लबच्या पगारखर्चावर मर्यादा आहे. २०२५ मध्ये मुख्य चमूसाठीची मूळ मर्यादा ५९.५ लाख डॉलर होती आणि त्या हिशेबात एका खेळाडूमागे जास्तीत जास्त ७ लाख ४३ हजार ७५० डॉलर धरता येत होते. या मर्यादेला सवलतीच्या निधीची काही ठिगळे आहेतच, पण खरे दार २००७ मध्ये डेव्हिड बेकहम लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडे आला तेव्हा उघडले. त्या वेळेपासूनच्या ‘डेझिग्नेटेड प्लेअर’ नियमाने आज प्रत्येक क्लबला तीन खेळाडूंना मर्यादेबाहेरचा वाटेल तेवढा पगार देता येतो. २०२४ मध्ये मेस्सीचा जाहीर झालेला वार्षिक पगार सुमारे २ कोटी ४ लाख डॉलर होता, तर त्याच्या क्लबचा एकूण पगारखर्च चार कोटी डॉलरच्या थोडा वर, म्हणजे जवळपास निम्मा वाटा एकाच माणसाचा.

आता वहीत क्लबचे सगळे पगार चढत्या क्रमाने लिहावेत, सर्वांत मोठे तीन खोडावेत आणि उरलेल्यांतला बरोबर मधला आकडा शोधावा. खोडण्याआधीच्या सगळ्या पगारांची सरासरी काढू नये. एकट्या मेस्सीमुळे ती फुगते आणि ज्याला कमी मिळते तोही कागदावर श्रीमंत दिसू लागतो. मधला आकडा मात्र फसवत नाही. आमच्या भागात शंकरपट पाहिलेल्या माणसाला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही : जोडीतला एक बैल कितीही तेज असला तरी घड्याळात वेळ पडते ती दुसऱ्या बैलाच्या चालीने. फुटबॉलमध्ये हा दुसरा बैल म्हणजे चमूतील आठव्यापासून अठराव्यापर्यंतचे खेळाडू. युरोपच्या ३४ ते ३८ सामन्यांच्या हंगामात दुखापती, निलंबने आणि मधल्या आठवड्यातील सामने यांमुळे त्यांच्यावर वेळ येतेच, आणि तिथे अमेरिकी क्लबचा हात सर्वांत आखडलेला असतो.

एका पोराने यावर विदर्भाच्या रणजी संघाचे उदाहरण दिले, आणि ते मला विचार करायला लावणारे वाटले. २०१७-१८ मध्ये वासीम जाफर हा खेळाडू आणि चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक मुंबईहून आलेले होते, आणि ज्याला कुणी खिजगणतीत धरत नव्हते त्या विदर्भाने करंडक उचलला. मग मायामीला का जमू नये? त्याचे उत्तर त्याच अंतिम सामन्यात आहे. इंदूरला दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने, आणि कर्णधार होता फैज फजल. बाहेरून आलेल्या माणसाने वळण लावले, पण ओझे घरच्या पोरांनी वाहिले. मायामीचा तक्ता खोडाखोड करून झाल्यावर ओझे वाहणारे किती उरतात, तेवढेच पाहायचे आहे.

युरोपच्या बाजूचा पैसा मोजण्यासाठी एकच तुलना पुरेशी ठरते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार ॲपल कंपनी मेजर लीग सॉकरच्या प्रक्षेपणासाठी वर्षाला सुमारे २५ कोटी डॉलर देणार होती, आणि ते सगळ्या लीगसाठी. साउदॅम्प्टन हा क्लब २०२४-२५ च्या प्रीमियर लीगमध्ये अवघे १२ गुण मिळवून शेवटचा आला, तरी लीगच्या सामाईक उत्पन्नातून त्याला १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. पौंडांचे डॉलर केले तर इंग्लंडमधील शेवटच्या एका क्लबचा हा वाटा ॲपलच्या संपूर्ण वार्षिक रकमेच्या निम्म्याहून जास्त भरतो. अमेरिकी क्लबांना तिकिटे आणि जाहिराती यांचे उत्पन्न असते हे खरे, परंतु पगारमर्यादेमुळे ते मैदानावर पूर्णपणे उतरत नाही.

तक्त्यात वयाचाही एक रकाना ठेवावा. २०२५ च्या जूनअखेर मायामीचे मेस्सी व सुआरेझ ३८ वर्षांचे, बुस्केट्स व आल्बा ३६ वर्षांचे होते. पगाराचा काही भाग नावाला दिला जातो आणि काही भाग पायांना, आणि हे प्रमाण वयावरून चांगले कळते.

कोणते सामने मोजावेत

मैत्रीपूर्ण सामने सरळ सोडून द्यावेत. मेजर लीग सॉकरच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघाने २०१४ मध्ये बायर्न म्युनिकला २-१ असे हरवले, त्यावरून कुणी छाती फुगवेल. पण तो जर्मनीने विश्वचषक जिंकल्यानंतरच्या काही आठवड्यांतला सामना होता आणि बायर्नचे विश्वविजेते नुकतेच सुटीवरून परतले होते. त्याच ऑल-स्टार संघाला २०२३ मध्ये आर्सेनलने ५-० असे धुतले. ज्या सामन्यांतून ज्याला जे हवे ते सिद्ध करता येते, ते पुरावा म्हणून निकामी असतात.

गुणांसाठी झालेले सामने मात्र बारकाईने पाहावेत, आणि त्यासाठी २०२५ चा क्लब विश्वचषक हा आजवरचा सर्वांत चांगला दाखला आहे. त्यात मायामी, सिॲटल साउंडर्स आणि लॉस एंजेलिस एफसी असे तीन क्लब होते आणि स्पर्धा त्यांच्याच देशात झाली. युरोपच्या क्लबांशी त्यांचे पाच सामने झाले. मायामीने पोर्तोला २-१ असे हरवले, त्यात मेस्सीची फ्री किक निर्णायक ठरली; पुढे बाद फेरीत पॅरिस सेंट-जर्मेनने मायामीला ४-० असे चिरडले, आणि ते चारही गोल मध्यंतराआधीच झाले होते. सिॲटल अॅटलेटिको माद्रिदकडून ३-१ आणि पॅरिसकडून २-० असे हरले, तर लॉस एंजेलिस चेल्सीकडून २-० असे. एक विजय, चार पराभव. केलेले गोल ३, खाल्लेले १२. इतर खंडांच्या क्लबांशी झालेले सामने धरले तर एकूण दहांपैकी एक जिंकला, तीन बरोबरीत सुटले आणि सहा गमावले.

हे आकडे वहीत उतरवल्यावर लगेच निकाल देण्याचा मोह आवरावा. पॅरिस तेव्हा युरोपचा विजेता होता आणि चेल्सीने पुढे हाच विश्वचषक जिंकला. आपला प्रश्न मात्र अमेरिकी क्लब तळाच्या सहा संघांपुढे कसा टिकेल हा आहे. जिल्ह्यातल्या पहिलवानाने हिंदकेसरीशी कुस्ती हरली म्हणून तो तालुक्यातही हरेल असे होत नाही. उलट बाजूचे वजनही टाकावे लागेल : अमेरिकी क्लब हंगामाच्या भरात होते, युरोपीय क्लब दहा महिने खेळून थकलेले होते, उकाडा होता, आणि पोर्तो त्या वर्षी पोर्तुगालमध्ये तिसरा आलेला क्लब होता. पोर्तुगाल पाच मोठ्या लीगमध्ये मोडत नाही. दोन्ही बाजूंचे वजन टाकून मी एवढेच म्हणेन की वरच्या संघांशी असलेली दरी खोल आहे. तळाच्या संघांशी ती किती आहे, ते या स्पर्धेतून कळत नाही.

म्हणून तिसऱ्याच्या मापाने मोजावे, आणि ते माप मेक्सिकोचे आहे. उत्तर व मध्य अमेरिकेच्या क्लब स्पर्धेला २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगचे रूप आले. तेव्हापासून २०२५ पर्यंत ती फक्त एका अमेरिकी क्लबने जिंकली, २०२२ मध्ये सिॲटलने. २०२४ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या कोलंबस क्लबला मेक्सिकोच्या पाचुकाने ३-० असे हरवले, २०२५ मध्ये व्हँकुव्हरला मेक्सिकोच्याच क्रूझ अझूलने ५-० असे. आपल्याच खंडातील शेजाऱ्यापुढे वारंवार हात टेकणारा क्लब इंग्लंडमध्ये मधल्या क्रमांकावर बसेल असे म्हणणाऱ्याने याचे स्पष्टीकरण आधी द्यावे.

इकडून तिकडे गेलेले खेळाडू

सामने थोडे असले तरी खेळाडूंची ये-जा भरपूर असते, आणि या रीतीतला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. ओलिताच्या शेतात एकरी आलेला कापूस आणि कोरडवाहू शेतातला कापूस यांची तुलना कुणी शेतकरी नुसत्या क्विंटलवरून करत नाही. तेच बियाणे दुसऱ्या शेतात किती देते, ते पाहतो. खेळाडू हे तसे बियाणे समजावे आणि लीग बदलल्यावर त्याचे काय झाले ते लिहून ठेवावे. गोलांपेक्षा मिनिटे मोजावीत, कारण प्रशिक्षक कुणाला किती वेळ खेळवतो यात त्याचा खरा अभिप्राय असतो.

मिगेल अल्मिरॉन २०१९ च्या जानेवारीत अटलांटाहून न्यूकॅसलला गेला, तेव्हा तो त्या क्लबची सर्वांत महागडी खरेदी होता. पहिला गोल करायला त्याला डिसेंबर उजाडला, पण मधल्या काळात तो संघाबाहेर गेला नाही. गोल मोजणारा त्याला अपयशी म्हणाला असता आणि चुकला असता. त्याच महिन्यात व्हँकुव्हरचा अल्फोन्सो डेव्हिस बायर्नला गेला आणि २०२० मध्ये डावा बचावपटू म्हणून युरोपचा विजेता झाला. रिकार्डो पेपी मात्र डॅलसहून ऑग्सबर्गला गेला आणि जर्मनीत त्याला लीगचा एकही गोल करता आला नाही. नेदरलँड्समध्ये गेल्यावर त्याचे गोल परत आले. म्हणजे पेपी तोच होता, फक्त जमीन बदलली होती.

उलट दिशेचे खेळाडूही पाहावेत. ब्रॅडली राइट-फिलिप्स इंग्लंडच्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत खेळून न्यूयॉर्कला गेला आणि २०१४ मध्ये त्याने २७ गोल करून तिथल्या त्या वेळच्या विक्रमाशी बरोबरी केली. हा दाखला अमेरिकेच्या लीगला कमी लेखणाऱ्यांचा लाडका आहे. त्यांना झ्लाटान इब्राहिमोविचची आठवण करून द्यावी. तो लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडून गोलांचा पाऊस पाडत होता तेव्हा ती लीग दुबळी असल्यामुळे हे घडते असे म्हटले गेले. २०२० मध्ये तो मिलानला परतला, चाळिशीच्या उंबरठ्यावर तिथेही गोल करत राहिला आणि २०२१-२२ मध्ये मिलानने इटलीची लीग जिंकली. इथे एक खबरदारी घ्यावी : अमेरिकेतून युरोपात जातात ते निवडक तरुण असतात, म्हणून त्यांच्या यशावरून मागे राहिलेल्या अठरांचे माप काढू नये.

एलोचे गणित

आता अंदाजाचे गुणांत रूपांतर करावे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून ‘एलो गुणांक’ हा शब्द आमच्या पोरांच्या कानावर आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अर्पाद एलो यांनी तो बुद्धिबळासाठी बसवला, पण फुटबॉललाही तो लावतात. त्याचा नियम असा : प्रतिस्पर्ध्यापेक्षा १०० गुणांकांनी कमी असलेल्याला सरासरी ३६ टक्के यश मिळते, १५० ने कमी असल्यास सुमारे ३० टक्के, २०० ने कमी असल्यास २४ टक्के. विजय म्हणजे पूर्ण यश आणि बरोबरी म्हणजे अर्धे. घरचे व बाहेरचे सामने समसमान असल्यामुळे मैदानाचा फायदा इथे सोडून द्यायला हरकत नाही.

इंग्लंडच्या ३८ सामन्यांना ही टक्केवारी लावावी, १० सामने बरोबरीत सुटतील असे धरून त्यांचे अर्धे यश म्हणजे ५ वजा करावे, उरलेल्या विजयांना ३ ने गुणून बरोबरीचे १० गुण मिळवावेत. लीगच्या सरासरीपेक्षा १०० ने कमी असलेल्या संघाला ३६ गुण मिळतात, १५० ने कमी असलेल्याला साधारण २९, आणि २०० ने कमी असलेल्याला २२. मग खरे तक्ते शेजारी ठेवावेत. २०२४-२५ मध्ये अठराव्या लेस्टरचे २५ गुण होते आणि इप्सविचचे २२; २०२२-२३ मध्ये मात्र लेस्टर ३४ गुण मिळवूनही खाली, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, घसरला होता. म्हणजे २९ गुणांचा संघ एका वर्षी तगतो आणि दुसऱ्या वर्षी बुडतो.

फरकाचा आकडा कुठून आणायचा, हा खरा पेच आहे. युरोपच्या क्लबांचे एलो गुणांक पाहायला मिळतात, पण अमेरिकी क्लब त्याच मापावर आणण्यासाठी मागचे तीन रकाने, म्हणजे मधला पगार, मेक्सिकोचे माप आणि खेळाडूंची ये-जा, समोर ठेवून आपणच आकडा ठरवावा लागतो. तो ठरवताना एक गोष्ट विसरू नये : २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी परत खाली गेले. माझ्या मते अमेरिकेतील सर्वांत चांगले दोन-तीन क्लब इंग्लंडच्या सरासरीपेक्षा १५० ते २०० ने आणि जर्मनीच्या सरासरीपेक्षा १०० च्या आसपास कमी भरतात. जर्मनीच्या ३४ सामन्यांत ९ बरोबऱ्या धरल्या तर याचे ३२ गुण होतात, आणि २०२४-२५ मध्ये नेमक्या ३२ गुणांवर सेंट पॉली व होफेनहाइम दोघेही तगले होते.

प्रवास आणि हवामान यांचा हिशेब मात्र फार लांबवू नये. मायामीहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या संघाला न्यूकॅसल ते बोर्नमथ हे इंग्लंडमधले लांबचे अंतर किरकोळच वाटेल. ते नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गापेक्षाही कमी आहे. खाली घसरण्याची भीती मात्र त्यांना अनोळखी आहे, कारण अमेरिकेत शेवटचा आलेला क्लबही पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये खेळतो. मार्च-एप्रिलमध्ये सलग सहा सामने हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये काय होते, ते त्यांनी अनुभवलेले नाही. याचा आकडा काढता येत नसल्याने मी दोन गुण वजा करून मोकळा होतो.

नियम मोकळे केले तर

दुसऱ्या प्रश्नाचे पान वेगळे ठेवावे, कारण तिथे पारडे फिरते. अटलांटाच्या घरच्या सामन्यांना २०१८ मध्ये सरासरी पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक होते. प्रीमियर लीगमध्ये एक वर्ष राहून गेलेल्या ल्यूटनच्या मैदानावर बारा हजारांच्या आसपास माणसे मावतात. अशा क्लबला पगारमर्यादा उठवून इंग्लंडच्या प्रक्षेपणाचा वाटा दिला, तर तीन-चार वर्षांत त्याचा मधला पगार तिथल्या मधल्या क्लबांइतका होऊ शकतो आणि मग बाराव्या-चौदाव्या क्रमांकाची अपेक्षा अवास्तव राहत नाही. मात्र तोवर चमूतील पंधरा-सोळा खेळाडू बदललेले असतील, त्यामुळे जुन्या क्लबचे नाव आणि रंगच उरतील. मेजर लीग सॉकरने २०२७ च्या जुलैपासून आपला हंगाम युरोपच्या वेळापत्रकाशी जुळवण्याचे जाहीर केले आहे. ते झाले की दोन्हीकडचे खेळाडू एकाच काळात ताजे आणि एकाच काळात थकलेले मिळतील, आणि तक्त्यातील पुष्कळ अडचणी दूर होतील.

शेवटचे काम म्हणजे आकडा तारखेसह वहीत लिहून त्याखाली सही करणे. नाहीतर हंगाम संपल्यावर प्रत्येक जण ‘मी हेच म्हणत होतो’ असे म्हणतो. वाचनालयाच्या वहीत माझी नोंद ‘मायामी, आहे तशी : इंग्लंडमध्ये १८ ते २०, जर्मनीत १४ ते १६’ अशी आहे. तिच्या शेजारी एका पोराने पेन्सिलने नुसता १० लिहून सही केली आहे, आणि तो क्रमांक आहे की मेस्सीची जर्सी, ते त्याने अजून सांगितलेले नाही.